शाई वाळेपर्यंत

सकाळी साडेसहा. मालवणच्या बाजारातल्या आमच्या छापखान्याचं शटर वर गेलं की मी आधी मशीनकडे जात नाही, भिंतीवरच्या आर्द्रतेच्या काट्याकडे जातो. गणपती तोंडावर आलेत, रात्रभर पाऊस थांबलेला नाही, आणि काटा ९० च्या पलीकडे गेलाय. कागदाला मानवते ती ५० टक्क्यांच्या आसपासची हवा. म्हणून रिमं वेष्टनासकट कपाटात राहतात, कपाटात दिवा जळत असतो आणि लागेल तेवढीच गड्डी बाहेर निघते. उघडी राहिलेली गड्डी कडांनी फुगते, तिला लाटा येतात, मग मशीन एकदम दोन-दोन कागद ओढायला लागतं.

सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे छापखाना चालवायचा तर ओलं कोरडं कसं करायचं, याच एका प्रश्नाभोवती दिवस फिरतो. शाईतले मोठे शोध मला या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं वाटतात. आमच्या या दोन खोल्यांत ती सगळी एकमेकांना खेटून कामाला लागलेली असतात.

सात वाजता कालचं काम बघायचं. एका मंडळाच्या आरतीसंग्रहाची मुखपृष्ठं काल संध्याकाळी मिनी ऑफसेटवर आर्ट पेपरला छापली. मशीनवरचा मुलगा गड्डीच्या मधला एक कागद काढतो, कोपऱ्यावर अंगठा फिरवतो. अंगठा निळा होतो.

"अजून ओला आसा, भाऊ."

ऑफसेटची शाई पाण्यासारखी उडून जात नाही. तिच्यातलं जवसासारखं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होत जातं. गुटेनबर्गने पंधराव्या शतकात धातूच्या खिळ्यांना चिकटेल अशी तेलातली काजळीची शाई वापरली. आमच्या डबीत कोबाल्टचा ड्रायर असतो, तो ही क्रिया भरभर करतो, पण दमट हवेत त्याचाही जोर कमी पडतो. प्लेटवरचं पाणी जास्त आंबट झालं तरी शाई वाळायला वेळ घेते. मग उपाय जुनेच. गड्ड्या लहान ठेवायच्या, मधे स्टार्चची बारीक पावडर मारायची, म्हणजे वरच्या कागदाच्या पाठीला खालची शाई लागत नाही. आणि थांबायचं. घाईने कटिंगला घेतलेली गड्डी पुढे सगळं काम वाया घालवते.

गुटेनबर्गपेक्षा गणपत कृष्णाजी मला जवळचे वाटतात. त्यांनी मुंबईत १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापलं. शाई त्यांनी स्वतः बनवली. छापायच्या शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला शिवायला लोक कचरत, तेव्हा त्यांनी चरबीऐवजी तूप घातलं, असं सांगतात. शाईत काय आहे, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारला आणि छापणाऱ्याने त्याचा मान राखला. काउंटरमागे टांगलेल्या कालनिर्णयाकडे पाहताना मला हे आठवतं. ते १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणातच जन्मले. पंचांग घरोघर पोचवण्याच्या कामात आमच्या गावाचाही हात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

साडेसातला वर्तमानपत्रं येतात. त्यांची शाई वाळतच नाही, नुसती कागदात मुरते, म्हणून बोटं काळी होतात. त्या कागदात भजी बांधू नयेत असं मी समोरच्या गाडीवाल्याला दर पावसाळ्यात सांगतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांतही त्याला मनाई आहे. गरम तेलात ती शाई लगेच उतरते.

नऊनंतर काउंटरवर झेरॉक्सची रांग. सातबारा, आधार, शाळेचे दाखले. टोनर ही मूळची कोरडीच शाई, तिला वाळवायचा प्रश्न नाही. पाच ते दहा मायक्रॉनचे कण, बहुतांश प्लास्टिक, त्यात काजळी आणि थोडं मेण. विजेच्या भाराने ते ड्रमवर आणि तिथून कागदावर जातात आणि २०० अंशांच्या जवळ तापलेल्या फ्युजरखाली वितळून कागदाला धरतात. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या खोलीत हे पहिल्यांदा करून दाखवलं. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून भारित केली, काचेवर शाईने तारीख आणि जागेचं नाव लिहून तिच्यातून प्रकाश टाकला, वर एका वनस्पतीच्या बीजाणूंची भुकटी भुरभुरली आणि उमटलेली अक्षरं मेणकागदावर उचलली. त्यांना मोठमोठ्या कंपन्यांनी परत पाठवलं. साध्या कागदावर काम करणारं झेरॉक्स ९१४ बाजारात यायला १९५९ उजाडलं. एवढी वर्षं त्यांनी धीर सोडला नाही, हे मी दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो.

पावसाळा टोनरलाही सोडत नाही. दमट हवेत कणांचा भार गळतो आणि प्रत फिकी येते. कागदातलं पाणी फ्युजरखाली वाफ होतं आणि कागद नळीसारखा वळतो. पहिल्या शंभर प्रती मी कपाटातल्या दिव्याखालच्या कोरड्या कागदावरच काढतो.

अकरा. मागची खोली, पिवळा दिवा. इथे स्क्रीन प्रिंटिंग चालतं. आज दशावतारी मंडळाच्या कापडी पडद्यावरचं नाव. फ्रेमला ताणलेल्या जाळीवर काल इमल्शन ओढून ठेवलं होतं. त्यावर काळ्या अक्षरांची पॉझिटिव्ह फिल्म ठेवायची आणि प्रकाश द्यायचा. जिथे प्रकाश पोचतो तिथे इमल्शन कडक होतं. अक्षरांखाली ते मऊ राहतं आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन जातं, तेवढ्या जागेतून पुढे शाई उतरते. मे महिन्यात आम्ही फ्रेम अंगणात उन्हात धरत असू आणि काम काही मिनिटांत होई. श्रावण-भाद्रपदात ऊन कुठलं? तेव्हा ट्यूबलाइटची पेटी. आणि जाळी पूर्ण सुकलेली नसेल तर पेटीही उपयोगाची नाही. आत पाणी राहिलेलं इमल्शन वरून घट्ट वाटतं आणि धुताना पापुद्र्याने सुटतं. म्हणून पंख्यासमोर रात्रभर.

प्रकाशाने घट्ट होणारा पदार्थ छपाईत आला तो झेरॉक्सच्या कितीतरी आधी. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स यांनी धातूच्या पत्र्यावर डांबराचा थर दिला. उजेड पडला तिथे डांबर कडक झालं, उरलेलं लॅव्हेंडरच्या तेलाने धुतलं. पुढे जिलेटिन किंवा डिंकात बायक्रोमेट मिसळायची रीत आली आणि आमच्या पिढीपर्यंत टिकली. नारिंगी रंगाचं ते मिश्रण स्वस्त आणि भरवशाचं होतं. पण त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण होतं, आणि फ्रेम धुतलेलं पिवळं पाणी गटारातून खाडीत जातं. त्याच खाडीत आमच्या बायका तिसऱ्या काढतात. मी बायक्रोमेट बंद केलं, डायझोचं इमल्शन घेतलं. महाग पडतं. पडू दे.

दीड वाजता जेवण. डाळ, भात, भोपळ्याचं भरीत.

अडीच. आता दुकानातलं सगळ्यात नवं यंत्र, सपाट पाटाचा यूव्ही प्रिंटर. अ‍ॅक्रिलिकच्या नामपाट्या, लाकडावर सिंधुदुर्ग किल्ला, काचेवर गणपती. या शाईत पाणी नाही, उडून जाणारं सॉल्व्हंट नाही, वाळणारं तेल नाही. तिच्यात पातळ अ‍ॅक्रिलेट रेणू, रंग आणि थोडासा फोटोइनिशिएटर असतो. शाईचा थेंब पडला की मागोमाग सरकणारा ३९५ नॅनोमीटरचा एलईडी त्यावर जातो. इनिशिएटर प्रकाश शोषून तुटतो, त्याचे तुकडे रेणूंना एकमेकांत गुंफतात आणि क्षणात शाईचं प्लास्टिक होतं. बाहेर धो-धो पाऊस असो, पाटी हातात येते ती कोरडी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मशीनवरच्या मुलाने बोट लावायला घेतलं होतं, मी ओरडून थांबवलं. घट्ट झालेली शाई निरुपद्रवी, पण ओली अ‍ॅक्रिलेट शाई कातडीला लागत राहिली तर अ‍ॅलर्जी जडते आणि ती आयुष्यभर जात नाही. हातमोज्याशिवाय या मशीनजवळ कुणी जायचं नाही, हा दुकानाचा कायदा.

दातात सिमेंट भरताना डॉक्टर निळा दिवा धरतात, ती हीच क्रिया. तिथला इनिशिएटर बहुधा कॅम्फरक्विनोन असतो, म्हणजे आरतीत जळणाऱ्या कापरापासूनच बनलेला. एलईडीच्या आधी या कामाला पाऱ्याचे दिवे लागत. ते तापायचे, ओझोन सोडायचे आणि फुटले तर पारा. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्याच गॅलियम नायट्राइडच्या घराण्यातले दिवे आमच्या मशीनमध्ये आहेत.

या शाईची एक खोड आहे. हवेतला ऑक्सिजन ते तुकडे मधल्यामध्ये गिळतो, म्हणून दिवा कमी पडला तर आतला थर घट्ट होतो आणि वरचा चिकट राहतो. सकाळच्या ऑफसेट शाईला जो ऑक्सिजन हवा असतो, तोच इथे आडवा येतो.

सव्वातीनला बचत गटाच्या एक ताई आल्या. कोकम आगळाच्या बाटल्यांची लेबलं हवी होती.

"भाऊ, बाटली फ्रीजात ठेवली काय शाई जाता. ही जातली नाय मां?"

"ही जातली नाय, ताई."

मग त्यांनी मोदकाच्या खोक्यांचं विचारलं. आतल्या बाजूलाही चित्र हवं, मोदक त्यावरच बसणार. ते काम मी घेतलं नाही. २००५ साली इटलीत लहान मुलांच्या दुधात आयटीएक्स नावाचा फोटोइनिशिएटर सापडला होता. तो खोक्याच्या बाहेरच्या छपाईतून आला होता, आणि लाखो लिटर दूध बाजारातून उचलावं लागलं. पूर्ण न गुंफलेले रेणू हलतात, कागदातून पलीकडे जातात. तूप लागलेल्या मोदकात तर सहज. हे सगळं ताईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत कोरा बटर पेपर घालायचं ठरवलं. त्या कागदाची किंमतही मीच काढून दिली.

पाच वाजता फ्लेक्स. चाकरमान्यांच्या स्वागताचे, मंडळांचे, नेत्यांचे. यांची शाई सॉल्व्हंटची, म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागते, पाऊस आत आला तरी. वास डोक्यात जातो. यूव्हीला वास कमी, पण मोठ्या फ्लेक्सचा दर परवडत नाही. आपल्याकडचे फ्लेक्स मे महिन्यापर्यंत निळे पडलेले दिसतात. पिवळा आणि किरमिजी रंग उन्हात आधी मरतो आणि निळा उरतो. तो निळा म्हणजे तांब्याचं थॅलोसायनिन. १९२८ च्या सुमारास स्कॉटलंडच्या ग्रेंजमथ इथल्या रंगाच्या कारखान्यात त्याचा लोखंडाचा भाऊबंद अपघाताने सापडला. भांड्याच्या आतल्या मुलाम्याला तडा गेला होता आणि माल बाहेरच्या लोखंडाला लागून निळसर मळी तयार झाली होती. ऊन आणि खारं वारं एवढं सोसणारा दुसरा रंग आमच्या किनाऱ्यावर मी पाहिला नाही. होड्यांच्या नंबरपाट्यांना मी तोच सुचवतो.

साडेसातला एका सोसायटीचे सचिव भिजत आले. उद्या सकाळी सभा, शिक्का हरवलेला. पॉलिमरचा शिक्का करायला अर्धा तास पुरतो. निगेटिव्हवर पारदर्शक द्रव राळ ओतायची, दोन काचांमध्ये धरायची, दोन्ही बाजूंनी अतिनील प्रकाश द्यायचा. अक्षरं घट्ट होतात, बाकीची राळ ब्रशने धुऊन काढायची. एवढ्यावर शिक्का वरून चिकटच राहतो, कारण पुन्हा तोच ऑक्सिजन. म्हणून शेवटचा प्रकाश देताना तो पाण्यात बुडवून ठेवतात. पाणी हवेला अडवतं आणि पृष्ठभाग कोरडा ठणठणीत होतो. सचिवांनी तसराळ्यातला शिक्का बघून विचारलं, भिजून खराब नाही का होणार? मी त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं, शिक्का पुसून दांड्याला चिकटवला आणि त्यांच्याच ठरावाच्या कोऱ्या कागदावर उठवून दिला.