जंगलवाटेची जुनी सोबतीण

ताडोबाला पाहुण्यांना न्यायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न येतो, वाघ दिसेल का. आणि दुसरा, जिप्सी मिळाली का! आपल्या चंद्रपूरकडे जंगलात नेणारी उघडी गाडी म्हणजे जिप्सी, इतके हे नाव रुळले आहे. पुरुषमंडळी तर तिच्याविषयी बोलायला लागली, की ताटातली भाजी गार होते तरी भान नसते. एवढे त्या गाडीत आहे तरी काय, हे आपणही समजून घेऊ या.

हिचे माहेर जपानचे. सुझुकी कंपनीने १९७० साली 'जिम्नी' ही चारही चाकांना जोर मिळणारी चिमुकली गाडी काढली. तिच्याच पुढच्या पिढीतली, थोडी लांब केलेली गाडी मारुतीने १९८५ च्या डिसेंबरात 'जिप्सी' म्हणून आपल्याकडे आणली. इंजिन अवघे ९७० सीसीचे. १९९६ साली १.३ लिटरची 'जिप्सी किंग' आली. हिमालयातल्या मोटारशर्यती हिने गाजवल्या, फौजेतही ती वर्षानुवर्षे राबली.

शौकिनांचा जीव हिच्यात अडकतो, त्याला कारण आहे. वजन जेमतेम एक टन, त्यामुळे चिखलात जड गाड्या रुततात तिथून ही निघून जाते. एक दांडा ओढला, की चारही चाके जोर लावतात. पेट्रोलवर चालत असल्याने जुन्या डिझेल जीपसारखी धडधड नाही. आणि यंत्र अगदी साधे. आईचे पायाने चालवायचे शिवणयंत्र आठवा. तेल घातले, पट्टा घट्ट केला, की पुन्हा सुरू. जिप्सीचेही तसेच. गावातला मिस्त्रीही तिला उघडून दुरुस्त करतो. अवगुणही आहेत हो! पाट्यांच्या स्प्रिंगा कडक, म्हणून मागच्या बाकावर हाडे खिळखिळी होतात. पेट्रोलही भरपूर पिते.

सुरक्षिततेचे नवे नियम आले आणि २०१९ साली सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी मिळणे थांबले. शौकिनांना हळहळ वाटली. पण मोहर्ली, कोलारा अशा फाटकांजवळच्या गावांत हा पोटाचा प्रश्न आहे. तिथे कितीतरी घरांची चूल या गाडीवर पेटते. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचे गाभा क्षेत्र पर्यटनाला बंद असते. तेव्हा फेऱ्या कमी होतात, पण कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. त्यातून गाडी दर वर्षी एका वर्षाने म्हातारी होते.

म्हणून मैत्रिणींनो, घरात जुनी जिप्सी घेण्याची गोष्ट निघाली, तर 'ते पुरुषांचे काम' म्हणून स्वयंपाकघरात जाऊ नका. दागिना गहाण पडतो तो आपलाच! आधी कागदपत्रे बघा. पर्यटकांसाठी किती जुनी गाडी चालते, हे वनखात्याकडे आणि आरटीओत विचारून घ्या. हौसेसाठी खासगी गाडी घ्यायची असेल, तर पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करावी लागते. १ एप्रिल २०२२ ला त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. गाडीच्या खालचा सांगाडा गंजला आहे का, हे आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे. आणि हंगामातल्या कमाईतून पावसाळ्याच्या तीन हप्त्यांचे पैसे वेगळ्या डब्यात टाका. पापड-कुरडयांची बेगमी आपण उन्हाळ्यातच करतो ना, तसेच हे.

२०२३ साली मारुतीने पाच दारांची जिम्नी आणली. तिला पक्के छप्पर आहे. गंमत म्हणजे, इथेच तयार झालेली ही गाडी २०२५ च्या जानेवारीत जपानमध्ये विक्रीला गेली, तेव्हा काही दिवसांतच सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि नोंदणी थांबवावी लागली. लेक माहेरी गेली, ती अशी मिरवत!

तुम्ही जिप्सीतून जंगलात जाल, तेव्हा फिकट मातकट रंगाचे कपडे घाला, अत्तर लावू नका, धुळीसाठी ओढणी किंवा मोठा रुमाल जवळ ठेवा. लहान मुलाला मधल्या बाकावर बसवा, म्हणजे गचके कमी बसतील. आणि ताडोबात बायकाही गाईड आहेत. तुमच्या गाडीत त्यांच्यापैकी कोणी आली, तर वाघाबरोबर तिच्या कामाचीही चौकशी करा.