जमिनीचा मध्यस्थ आणि त्याची नोंदणी

वैजापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला व जांबरगावापाशी त्यावर जाण्यायेण्याची सोय झाली. अशा मार्गालगत जमिनीस मागणी वाढते, आणि तिच्यामागोमाग भूखंड विकणारे मध्यस्थ वस्तीवर येऊ लागतात. अशा वेळी शेतकरी बंधूंनी कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार येथे केला आहे.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम ९ अन्वये नियोजन क्षेत्रातील नोंदणीपात्र प्रकल्पातील भूखंड वा घर विकून देणाऱ्या मध्यस्थाने प्रथम नोंदणी केली पाहिजे. आपल्या राज्यात ही नोंदणी महारेरा या प्राधिकरणाकडे होते व ती ५ वर्षे चालते. त्यासाठी छायाचित्र, पॅनकार्ड व पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. २०२३ च्या आदेशाने प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची झाली आहे. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील भूखंड मध्यस्थास विकता येत नाही. नियम मोडल्यास दररोज १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून मध्यस्थ दारी आल्यास त्याचा नोंदणी क्रमांक व प्रकल्पाचा क्रमांक, असे दोन्ही मागावेत. ग्रामपंचायतीतील कार्यकर्त्यांनी ते महारेराच्या संकेतस्थळावर पडताळून द्यावेत.

परंतु एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मध्यस्थाची नोंदणी म्हणजे जमिनीच्या मालकीची हमी नव्हे. प्रकल्पातील जमिनीचा हक्क सदोष ठरल्यास प्रवर्तकाने भरपाई द्यावी, असे कलम १८ सांगते. मालकीहक्काच्या विम्याची तरतूदही कलम १६ मध्ये आहे. मात्र साध्या शेतजमिनीच्या खरेदीस हा कायदा लागू नाही, व तिच्यामागे सहसा असा विमाही नसतो. तेथे आपली दक्षता हाच आपला विमा होय.

यास्तव इसार देण्यापूर्वी चालू सातबारा काढावा. त्यातील 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा वा सोसायटीचा बोजा, कुळाचे वा वारसांचे हक्क आहेत काय, हे पाहावे. जुने फेरफार वाचावेत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील मागील ३० वर्षांच्या दस्तांचा शोध वकिलाकडून घ्यावा. बहिणींची नावे वगळली गेली असल्यास पुढे दावा उभा राहतो, आणि आयुष्याची पुंजी कोर्टात अडकते.

आधी कागद, मग इसार, हा क्रम कोणीही मोडू नये.