मुलाचा दात मुळासकट पडला तर आधी दूध का शोधायचं?

नऊ वर्षांचं मूल शाळेच्या ओट्यावरून पडतं आणि वरचा पुढचा दात मुळासकट हातात येतो. गाव पोलादपूरच्या डोंगरात असेल तर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, एसटी कधी? आधी पोलादपूर गाठायचं, तिथे दाताचे डॉक्टर भेटले नाहीत तर महामार्गाने महाड. यात तास सहज जातो. आणि दातासाठी नेमका तोच तास महत्त्वाचा असतो.

असं का?

दाताच्या मुळावर पातळ आवरण असतं. दाताला हाडाशी धरून ठेवणाऱ्या पेशी त्यात असतात. दात कोरडा राहिला तर साधारण तासाभरात त्या मरतात. नंतर दात बसवला तरी त्याचं मूळ हळूहळू झिजून जाण्याची शक्यता वाढते.

म्हणून दात पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही. माती लागली असेल तर काही सेकंद धुवायचा, घासायचा मात्र नाही. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात लगेच खाचेत बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्यायचा. ऐकायला भीती वाटते, पण आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही पहिली पसंती यालाच आहे. धीर झाला नाही तर दात थंड दुधात ठेवून निघायचं. दूध नसेल तर भांड्यात मुलाचीच लाळ घ्यायची. साधं पाणी या पेशींना मानवत नाही आणि कागदात गुंडाळलेला दात तर सुकूनच जातो.

दुधाचा दात असेल तर?

तो परत बसवायचा नाही. खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. डॉक्टरांना मात्र दाखवायचं. पडलेला दात कौलावर फेकायची आपली पद्धत आहेच, पण सहा-सात वर्षांनंतर फेकण्याआधी तो दुधाचाच आहे ना, हे बघितलेलं बरं.

मूल बेशुद्ध झालं, उलट्या करू लागलं तर दात बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा. किडीने गाल सुजून ताप आला किंवा गिळायला त्रास होऊ लागला तर सकाळची वाट बघायची नाही.

बसवलेला दात डॉक्टर शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे तारेने बांधतात. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच सुमारास रूट कॅनलही करावं लागतं. म्हणजे महाडच्या आणखी दोन-तीन फेऱ्या घरच्यांनी धरूनच चालायच्या.