प्लेअर घेताना आधी घरातलं सामान बघा

होम थिएटरसाठी फोर-के ब्लू-रे प्लेअर घ्यायचा, तर किमतीआधी त्याच्या जोडीला काय आहे ते बघावं. ‘ओटीटीवर सगळं मिळतं, मग डिस्क कशाला?’ हा आक्षेप रास्तच आहे. पण ओटीटीवरचा फोर-के चित्रपट साधारण सेकंदाला १५ ते २५ मेगाबिटमध्ये भागवला जातो; २०१६ साली आलेल्या फोर-के डिस्कची मजल १२८ मेगाबिटपर्यंत जाते. काळोख्या दृश्यात भिंतीवरच्या सावलीचे पट्टे पडतात, ते बरेचदा या काटकसरीपायी. आवाजाचं तर विचारूच नका: ओटीटीवरचा ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, सहसा काटछाट होऊन येतो; डिस्कवरच्या ट्रू-एचडी स्वरूपात काहीच गाळलेलं नसतं. अर्थात टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल, तर या फरकापायी पैसे घालवू नयेत.

मग महागडाच प्लेअर घ्यावा का? नाही. एचडीएमआयमधून आवाज जसाच्या तसा रिसीव्हरकडे पाठवला, की स्वस्त आणि महाग यंत्र तेच आकडे पुढे सरकवतं. प्रोजेक्टरवाल्यांचं वेगळं, तिथे उजेड तोकडा, म्हणून एचडीआर, म्हणजे चित्रातला उजेड-अंधाराचा मोठा पल्ला, नीट जुळवून देणाऱ्या प्लेअरला जास्त मोजणं पटतं. टीव्हीत डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार असेल, तर ते प्लेअरमध्येही हवं. फोर-के डिस्क चालवणारा प्लेस्टेशन ५ इथेच कमी पडतो. प्लेअर परदेशातून मागवताना रीजन, म्हणजे त्याला नेमून दिलेला प्रदेश, तपासा: साध्या ब्लू-रेसाठी भारत ‘सी’त, अमेरिका ‘ए’त. असे प्लेअर बनवणाऱ्या ओप्पोने २०१८ मध्येच या धंद्यातून अंग काढून घेतलं, तेव्हा दुरुस्ती कुठे होईल, हेही दुकानातच विचारून घ्यावं.