टाळूचं ऑपरेशन झालं, पण काम संपलं नाही. पालकांनी या खुणा ओळखाव्यात

दुभंगलेल्या टाळूचे ऑपरेशन साधारण 9 ते 18 महिन्यांच्या वयात केले जाते. बाळ काही दिवसांत खेळू लागते आणि घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. पण खरी देखरेख इथून पुढे असते. दवाखाना लांब असला की कोणत्या खुणेला वाट बघायची आणि कोणत्या खुणेला पळायचे, हे आधीच माहीत असलेले बरे.

लगेच दवाखाना गाठा
पहिले एक-दोन दिवस लाळेत थोडे रक्त दिसते, अंग कोमट लागते. त्याने घाबरू नये. मात्र ताजे लाल रक्त येत असेल, रक्ताची उलटी झाली किंवा बाळ सारखे घोट गिळत असेल तर थांबू नका. रक्त पोटात जात असले तर बाहेर दिसत नाही. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, 6 ते 8 तास लघवी न होणे, ताप वाढत जाणे यातही उशीर नको. 108 ला फोन करा.

टाके जपा
डॉक्टर सांगतील तितके दिवस पातळच द्यावे: दूध, पेज, गाळलेले वरणाचे पाणी. बिस्कीट, चिवडा, भाकरीचा तुकडा नको. खाल्ल्यावर वरून पाणी पाजावे. तोंडात बोट, खेळणे जाऊ देऊ नये.

नाकातून दूध आले तर
काही बाळांच्या टाळूला पुन्हा छोटे छिद्र पडते. 'आईनेच काहीतरी चारलं असेल', असे लगेच बोलले जाते. पण फट रुंद असली की टाक्यांवर ताण येतो, तेव्हा काळजी घेऊनही असे होते. बाळाला दाखवून घ्यावे. गरज पडलीच तर काही महिन्यांनी ते बंद करता येते.

बोलणं आणि कान
मूल गेंगाणे बोलते, प, ब, ट, क नीट उमटत नाहीत, तर 'मोठेपणी सुधारेल' म्हणून सोडू नये. वाचा उपचाराने फरक पडतो, काहींना दुसरे ऑपरेशन लागते. अशा मुलांच्या कानात पडद्यामागे पाणीही साठते. ऐकू कमी येते, म्हणून बोलणेही मागे पडते. त्यामुळे कान तपासून घ्यावेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत किंवा शाळेत आले की ऑपरेशनचे कागद दाखवा आणि मूल कसे बोलते, ऐकते तेही सांगा.