स्टीलहेडसाठी स्ट्रीमर : माशी फिरू द्या, हात आवरा

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउटच. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत शिरतो. परतल्यावर त्याचं खाणं फार कमी होतं, तरी समोरून काही आडवं गेलं की झडप घालतो. स्ट्रीमरचा सगळा खेळ या सवयीवर आहे.

स्ट्रीमर म्हणजे पिसं नि सशाच्या कातड्याची केसाळ पट्टी गळावर बांधून केलेली माशी. पाण्यात ती छोटा मासा किंवा जळू वाटते. मला माराबूची पिसं सर्वांत आवडतात. अगदी संथ पाण्यातही ती श्वास घेतल्यासारखी हलतात.

वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिटसारख्या मोठ्या नदीवर दोन हातांनी धरायचा स्पे रॉड आणि बुडत्या टोकाची दोरी हवी. प्रवाहाला आडवी, जराशी खालच्या अंगाला माशी फेकायची. लगेच दोरीचा फुगवटा उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा, म्हणजे माशी खोल जाते. मग ताणलेल्या दोरीवर ती काठाकडे फिरू द्यायची. दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा तेच. हिवाळ्यात मासा सुस्त असतो, तेव्हा माशी आणखी खोल, आणखी हळू.

ओढ जाणवली की रॉड उचलायचा मोह होतो. उचलू नका! मासा वळला की गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

स्कॅजिट जिथे समुद्राला मिळते, त्या प्युजेट साउंडचे स्टीलहेड २००७ पासून धोक्यात असलेल्या प्रजातींच्या यादीत आहेत. म्हणून गळ उलट्या काट्याशिवायचाच वापरा. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या माशांचा शेपटीआधीचा छोटा मांसल पर बहुधा कापलेला असतो. तो शाबूत दिसला तर मासा नदीतच जन्मलेला समजा आणि पाण्याबाहेर न काढता सोडा.