43 ते 4 : माकपची वीस वर्षे

15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली. या खटल्यातल्या याचिकाकर्त्यांमध्ये राजकीय पक्ष एकच होता, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष. कोणी, कोणाला, किती पैसे दिले हे मतदारापासून लपवणारी ही योजना 2018 मध्ये लागू झाली, तेव्हाच पक्षाने रोखे घ्यायचे नाहीत असे ठरवले आणि तो न्यायालयात गेला. देशातले बहुतेक मोठे पक्ष रोखे वटवत असताना घेतलेली ही भूमिका होती. निकालाच्या दिवशी लोकसभेत त्याचे खासदार होते तीन.

वीस वर्षांपूर्वी ते 43 होते. 2004 मध्ये डाव्या पक्षांचे मिळून साठच्या आसपास खासदार निवडून आले आणि मनमोहन सिंग यांचे सरकार त्यांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे राहिले. 2009 मध्ये माकपचे 16 उरले, 2014 मध्ये 9, 2019 मध्ये 3, 2024 मध्ये 4. आकड्यांची ही उतरंड पाहून माकपच्या राष्ट्रीय भूमिकांना आता काही अर्थ उरला नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. या काळातल्या भूमिका एकेक करून तपासल्या तर दिसते ते असे: जिच्यामागे शेतातली, जंगलातली माणसे उभी होती, ती भूमिका पक्ष लहान झाल्यावरही देशाला घ्यावी लागली. जिच्यामागे केवळ पॉलिट ब्युरोचा ठराव होता, ती पक्ष ऐन भरात असतानाही वाहून गेली.

2004 ते 2008 ही चार वर्षे पक्षाच्या ताकदीची. किमान समान कार्यक्रमाचा आधार घेऊन डाव्यांनी भेलमधली सरकारी हिस्सेदारी विकू दिली नाही, विमा आणि पेन्शन क्षेत्र खुले करणारी विधेयके अडवून धरली. त्याहून मोलाचे ठरले दोन कायदे. 2005 चा रोजगार हमी कायदा ज्या कल्पनेवर उभा राहिला ती महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी इथे 1977 मध्येच कायद्यात आली होती. केंद्राचा कायदा फक्त दारिद्र्यरेषेखालच्या यादीपुरता न राहता कोणत्याही ग्रामीण कुटुंबाला काम मागता यावे, यासाठी डाव्यांनी जोर लावला. दुसरा, 2006 चा वनहक्क कायदा. पहिल्या मसुद्यात 25 ऑक्टोबर 1980 पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीलाच हक्क मिळणार होता. आदिवासी संघटना आणि डावे खासदार यांच्या रेट्यामुळे ती तारीख 13 डिसेंबर 2005 पर्यंत पुढे आली. पंचवीस वर्षांच्या या फरकात किती आदिवासींच्या पायाखालची जमीन वाचली, हे तलासरी, सुरगाणा, पेठ या भागात फिरणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आणि याच काळात बंगालमध्ये नंदीग्राम घडले. 14 मार्च 2007 रोजी जमीन देणार नाही म्हणणाऱ्या गावकऱ्यांवर डाव्या आघाडीच्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 14 जण मेले. दिल्लीत जमीन कसणाऱ्याच्या बाजूने कायदे करून घेणारा पक्ष कोलकात्यात त्याच्याविरुद्ध उभा राहिला, हे मला आजही क्षम्य वाटत नाही. औद्योगिकीकरण हवे होते हे मान्य. पण त्याच सुमारास रायगडमध्ये महामुंबई सेझविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील गावे बांधत होते. सप्टेंबर 2008 मध्ये 22 गावांतल्या शेतकऱ्यांची जनमत चाचणी झाली, जमीन द्यायची की नाही हे सरकारला त्यांना विचारावे लागले. शेतकऱ्याला विचारायची ही रीत महाराष्ट्रात सत्तेबाहेरच्या डाव्यांना घालून देता आली. बंगालमध्ये सत्तेतल्या डाव्यांना ती सुचली नाही. बंगालमधल्याच सिंगूरचे भूसंपादन पुढे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दच केले, आणि त्याच्या पाच वर्षे आधी चौतीस वर्षांची सत्ता गेली होती.

यानंतर अमेरिकेबरोबरचा अणुकरार. 8 जुलै 2008 रोजी डाव्यांनी पाठिंबा काढला, 22 जुलैला सरकारने 275 विरुद्ध 256 मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. अमेरिकेच्या सामरिक गोटात ओढले जाण्याविषयी पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस प्रकाश करात जे म्हणत होते, त्यात तथ्य होते. त्यानंतरच्या प्रत्येक सरकारने तीच वाट धरली. माझा आक्षेप भूमिकेला नाही, ती सरकार मोडण्याचे कारण करण्याला आहे. त्या वर्षी महागाई वाढत होती, विदर्भात शेतकरी आत्महत्या करत होते. अन्नधान्याच्या दरावर किंवा हमीभावावर पाठिंबा काढला असता तर गावातल्या माणसाला ती लढाई आपली वाटली असती. अणुकरार त्याच्या ओसरीपर्यंत पोचलाच नाही. वर लोकसभेत डावे आणि भाजप एकाच बाजूने मतदान करताना दिसले, आणि पायउतार व्हायला नकार देणारे सभापती सोमनाथ चटर्जी यांना दुसऱ्याच दिवशी पक्षातून काढले गेले. संसदीय पदाचा मान राखणाऱ्या माणसाला अशी वागणूक द्यायला नको होती. पक्षाने राष्ट्रीय पातळीवर गमावलेली पत या जुलैपासून मोजावी, असे मी म्हणेन.

2014 नंतरच्या भूमिकांबद्दल मात्र मला आदर आहे. नोटाबंदीला विरोध, नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध 31 डिसेंबर 2019 रोजी केरळ विधानसभेचा ठराव आणि पुढच्या महिन्यात थेट सर्वोच्च न्यायालयात दावा, अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेचे निमंत्रण तेव्हाचे सरचिटणीस सीताराम येचुरी यांनी सरळ नाकारणे. मते जाण्याची भीती असताना घेतलेल्या या भूमिका आहेत. अनुच्छेद 370 हटवला गेला त्या वेळी काश्मीरमधले पक्षाचे नेते युसुफ तारिगामी नजरकैदेत होते. येचुरींना श्रीनगर विमानतळावरून दोनदा परत पाठवले गेले. त्यांनी न्यायालयात देहोपस्थितीची याचिका केली, परवानगी मिळवली आणि 29 ऑगस्ट 2019 रोजी ते तारिगामींना भेटले. त्या दिवसांत देशातले अनेक पक्ष गप्प होते. तारिगामी 2024 मध्ये कुलगाममधून पाचव्यांदा आमदार झाले.

शबरीमलाच्या बाबतीत केरळमधल्या डाव्या सरकारने सर्व वयाच्या स्त्रियांना मंदिरप्रवेश देणारा 2018 चा निकाल अमलात आणायची हिंमत दाखवली. 1 जानेवारी 2019 ची स्त्रियांची भिंत कासरगोडपासून तिरुअनंतपुरमपर्यंत उभी राहिली. चारच महिन्यांनी लोकसभेला वीसपैकी एक जागा हाती आली आणि पक्षाचा आवाज खाली आला. हरल्यावर आवाज उतरायला नको होता.

जातीच्या प्रश्नावर पक्ष फार उशिरा जागा होतो, ही माझी जुनी तक्रार आहे. जानेवारी 2019 मध्ये सवर्णांतल्या आर्थिक दुर्बलांसाठी दहा टक्के आरक्षणाच्या घटनादुरुस्तीला माकपने पाठिंबा दिला. गरिबी हा निकष त्याला मंडलच्या काळापासून मान्य होता, म्हणून ही विसंगती नव्हे. पण फुले-आंबेडकरांच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाला आरक्षण म्हणजे दारिद्र्यनिवारण नव्हे, प्रतिनिधित्व आहे, एवढे समजते. ते पक्षाच्या त्या पाठिंब्यात कुठे दिसले नाही. पॉलिट ब्युरोत पहिला दलित सदस्य, बंगालचे रामचंद्र डोम, 2022 च्या कन्नूर अधिवेशनात आला. पक्ष 1964 मध्ये स्थापन झाला आहे.

आता मार्च 2018. नाशिकहून माकपच्या किसान सभेचा लाँग मार्च 6 तारखेला निघाला. सुमारे 180 किलोमीटर चालून हजारो शेतकरी, बहुतेक आदिवासी, 11 च्या रात्री मुंबईत सोमय्या मैदानावर पोचले, आणि दहावीच्या परीक्षा चालू आहेत म्हणून सकाळची वाट न पाहता रात्रीच आझाद मैदानाकडे चालू लागले. पायाला फोड आलेली ती माणसे मुंबईने पाहिली, पाणी दिले, चपला दिल्या. त्यांची मुख्य मागणी वनपट्ट्यांची होती, म्हणजे 2006 मध्ये संसदेत मिळवलेल्या त्याच कायद्याची अंमलबजावणी. सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. डहाणू-तलासरीच्या वारल्यांमध्ये गोदावरी परुळेकरांनी 1945 मध्ये सुरू केलेल्या कामाची साखळी तुटली नव्हती, म्हणून हे झाले. दोन वर्षांनी तीन कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सीमा अडल्या, तेव्हा याच किसान सभेचा वाहन जथा नाशिकहून राजस्थान सीमेवरच्या शाहजहांपूरला गेला. नोव्हेंबर 2021 मध्ये पंतप्रधानांनी कायदे मागे घेतले. त्या वेळी लोकसभेत माकपचे तीनच खासदार होते. शाहजहांपूरच्या आंदोलनातले नेते अमराराम 2024 मध्ये राजस्थानातल्या सीकरमधून लोकसभेत गेले.

येचुरी 12 सप्टेंबर 2024 रोजी गेले. एप्रिल 2025 मध्ये मदुराईच्या अधिवेशनाने एम. ए. बेबी यांना सरचिटणीस निवडले. महाराष्ट्र विधानसभेत सध्या पक्षाचा एकच आमदार आहे, डहाणूचे विनोद निकोले. नाशिक जिल्ह्यातली कळवणची जागा सलग दोनदा गेली. आणि 2018 ची आश्वासने पाळली गेली नाहीत म्हणून शेतकऱ्यांना 2019 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये नाशिक जिल्ह्यातून चालत निघावे लागले. नव्या नेतृत्वाने आधी हे प्रलंबित वनपट्ट्यांचे दावे हाती घ्यावेत. जातनिहाय जनगणनेचा प्रश्न पक्षाने उचलला आहे, तोही ठरावात न ठेवता याच पाड्यांवर आणि गावांच्या दलित वस्त्यांत घेऊन जावा.